ब्लीनच्या रानातल्या नोंदी : कूप, कोयता आणि एक फुलपाखरू

जागा : ब्लीनचं जंगल, कँटरबरीजवळ, केंट, इंग्लंड. काम : हिवाळ्यात रविवारची खुंटतोड (झाड जमिनीलगत तोडायचं, खुंटातून परत धुमारे येऊ द्यायचे), उन्हाळ्यात फुलपाखरांची मोजणी, मधूनमधून डॉरमाउसची (झाडावर राहणारा उंदरासारखा छोटा प्राणी) खोकी तपासणं. गेल्या वर्षीच्या नोंदी तीन वह्यांत आणि फोनमध्ये विखुरल्या. यंदा सगळं एका जागी.

१४ जानेवारी २०२४

साडेनऊला गाडीतळावर सातजण. रात्रीत जमीन गोठल्यामुळे चिखल टणक, ब्लीनमध्ये हीच चैन. इथली माती लंडन क्ले म्हणतात ती. चिकण, ओली झाली की पायातला बूट काढून ठेवून घेणारी.

कूप ६ ला हात घातला. कूप म्हणजे एका वेळी तोडायला आखलेला जंगलाचा तुकडा. स्वीट चेस्टनटचे खुंट, मागची तोड पंधराएक वर्षांपूर्वीची. एकेका खुंटावर आठ-दहा सोट, मनगटापासून मांडीएवढे जाड. चेनसॉ फक्त प्रमाणपत्रवाल्या दोघांकडे, बाकी आम्ही करवत आणि कोयत्यावर. सोट जमिनीलगत कापायचा आणि काप बाहेरच्या अंगाला उतरता ठेवायचा, म्हणजे खुंटावर पाणी साचत नाही. मधले ओक तसेच राखायचे. माझे तीन खुंट झाले, कमरेचे बारा वाजले.

‘कूप’ हा शब्द मी अस्सल मराठी समजत होते. मामा राधानगरीला वनखात्यात गार्ड होते, त्यांच्या तोंडी कूप, कूपतोड, राखीव झाडं हे रोजचं. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी नकाशावर तोच शब्द दिसला तेव्हा कळलं, की फ्रेंचमधून इंग्रजीत, साहेबाबरोबर आपल्या वनखात्यात आणि तिथून मामांपर्यंत असा त्याचा प्रवास. आणि गंमत अशी की केंटचे जुने लाकूडतोडे कूप म्हणतच नाहीत, ते म्हणतात ‘कँट’. आमच्यातले सत्तरीचे सुतारकाका अजून कँटच म्हणतात आणि नकाशावरच्या शब्दाकडे बघून नाक मुरडतात.

चहाच्या वेळी आईचा व्हिडिओ कॉल. मागं पडलेली झाडं दिसली आणि ती म्हणाली, “सुट्टीचं झाडं तोडायला जातीस व्हय गं? तिकडं कुणी बोलत न्हाई?” आमच्या गावच्या देवराईत पडलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. म्हटलं, “आई, खुंट मरत नाही, धुमारे फुटतात.” “मग तोडायचं कशाला?”

प्रश्न बिनतोड आहे. रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. रेंज होती.

उद्या संक्रांत, म्हणून तिळाच्या वड्या नेल्या होत्या. डबा दहा मिनिटांत रिकामा.

२८ जानेवारी

तीनच जण आले. दुपारी पाऊस लागला, काम बंद. गाडीत बसून आईच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवते, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

हीथ फ्रिटिलरी नावाचं एक फुलपाखरू आहे. ब्रिटनभर मिळून त्याच्या मोजक्याच वसाहती उरल्यात. त्यातला मोठा भाग इथं ब्लीनमध्ये, थोडी एक्समूरवर, थोडी डेव्हन-कॉर्नवॉलच्या सीमेकडे आणि एसेक्समध्ये पुन्हा आणून सोडलेली. १९८१च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे, म्हणजे पकडायचंसुद्धा नाही. नावात हीथ, पण केंटमध्ये ते माळावर राहत नाही, राहतं जंगलातल्या उघड्या, उन्हाच्या जागेत. त्याच्या अळ्या इथं काऊ-व्हीट नावाच्या एका पिवळ्या फुलाच्या रोपावर जगतात, आणि ते रोप जंगल तोडल्यावर दोन-तीन वर्षं जोर धरतं. मग चेस्टनटचे धुमारे वाढतात, सावली दाटते, रोप मागं पडतं, फुलपाखरू संपतं. तोवर शेजारी नवं कूप उघडलेलं असलं तर ते तिकडं सरकतं. नसलं तर तिथंच खेळ संपला, कारण हा गडी फार लांब उडत नाही. दोन-तीनशे मीटर म्हणजे त्याला परदेश.

जुन्या लोकांनी त्याला ठेवलेलं टोपणनाव मराठीत आणायचं तर ‘लाकूडतोड्याच्या मागं मागं जाणारं’. केंटात हॉप्सचे मळे होते, बिअरला लागणारे वेल चढवायला चेस्टनटचे खांब लागायचे, कुंपणाला फळ्या लागायच्या. त्यामुळे दर हिवाळ्यात जंगलाचा एखादा तुकडा उघडा पडायचाच. कुणी फुलपाखरासाठी काही करत नव्हतं, सगळे पोटासाठी करत होते. मग हॉप्सला तारा आल्या, लाकडाला भाव राहिला नाही, दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक ठिकाणी जुनी झाडं काढून सूचिपर्णी लावले. उरलेलं जंगल वाढत गेलं, दाट आणि काळोखं झालं. फुलपाखराच्या दृष्टीनं ओसाड.

म्हणून आम्ही रविवारी फुकट लाकूडतोडे.

२५ फेब्रुवारी

हंगामाचा शेवटचा रविवार. मार्चपासून पक्षी घरटी करायला लागतात, करवती आत.

डहाळ्यांच्या मोळ्या कडेनं रचल्या. जाळायच्या नाहीत असं यंदा ठरलंय, कारण जाळलेल्या जागी वर्षानुवर्षं धड काही उगवत नाही. सरळ सोट कुंपणवाल्याने नेले.

रिकामं कूप संध्याकाळी बघवत नाही, हे इथं लिहून ठेवते. खुंट पांढरे, जमीन तुडवलेली, मध्ये चार ओक एकटे उभे. दीड वर्ष हे काम करतेय, कारण पाठ आहे, तरी पोटात खड्डा पडतोच. सुतारकाकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “जूनमध्ये ये आणि चौथ्या कँटात उभी राहा. मग बोलू.”

कूप ४ म्हणजे २०२१-२२च्या हिवाळ्यात तोडलेलं. मी नव्हते तेव्हा.

१३ एप्रिल

पाडवा मंगळवारी ऑफिसातच गेला. आज शनिवार, वीस अंशांच्या आसपास, ऊन. अळ्या शोधायला यापेक्षा चांगला दिवस नाही.

या अळ्या हिवाळा वाळक्या, गुंडाळलेल्या पानात काढतात. लहान असताना गटानं, जाळं विणून राहिलेल्या, आता एकेकट्या. वसंतातलं पहिलं ऊन पडलं की वाळक्या पानावर येऊन अंग शेकत बसतात, कारण हवा अजून गार असते आणि गरम झाल्याशिवाय त्यांना खाल्लेलं पचत नाही. त्यामुळे शोधायची रीत अशी : हिरवं बघायचंच नाही. उन्हात तापलेलं तपकिरी पान बघायचं.

पाऊण तास गुडघ्यावर. जीन्सची वाट. काही नाही, काही नाही, मग काऊ-व्हीटच्या कोवळ्या रोपाशेजारी ओकच्या पानावर एक. दोन सेंटिमीटरच्या आतली, काळी, अंगभर आखूड पिवळसर काटेरी गोंडे. पाच मिनिटं हलली नाही. मग उतरली, रोपावर चढली, पानाची कड कुरतडली आणि परत त्याच पानावर येऊन बसली. थंडीत उन्हाला बसून भाकरी खाणाऱ्या म्हातारीसारखी. मध्येच माझी सावली तिच्यावर पडली, तशी ती अंग आक्रसून पानाखाली घरंगळली. मोजणीत एक धरली.

४ मे, रात्री

नाइटिंगेल! कूप २ च्या काटेरी झाळीत, सूर्य बुडाल्यावर. तोड होऊन सात-आठ वर्षं झालेली, चेस्टनट डोक्याच्या वर गेलेलं पण खाली अजून गच्च झुडूप. तसंच लागतं त्याला.

मराठीत आपण नाइटिंगेलचा कधी बुलबुल केला, कधी कोकिळा. दोन्ही नाही. राधानगरीला पावसाळ्यात पहाटे शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी आळस दिल्यासारखी शीळ घालतो, ते ऐकलेल्याला वाटेल तसंच काहीतरी असेल. हा गवई वेगळा. आधी लांब, हलके, एकसुरी ‘पिऊ पिऊ पिऊ’ वाढवत नेतो आणि अचानक घशात खडे खुळखुळल्यासारखी तान. मग शांतता. त्या शांततेत आपण श्वास धरून उभे.

पश्चिम आफ्रिकेतून येतो, ऐन उन्हाळ्यात गाणं थांबवतो. गेल्या पन्नास वर्षांत ब्रिटनमधली संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. केंट हे त्याच्या उरलेल्या मोठ्या ठाण्यांपैकी एक. आजच्या नोंदीत एक नर आणि रस्त्याच्या पलीकडे लांब दुसरा, त्याची खात्री नाही म्हणून लिहिला नाही.

१९ मे

डॉरमाउसची खोकी. परवाना असलेल्या बाईंसोबत, मी शिकाऊ. विनापरवाना या प्राण्याला हात लावणं किंवा घरट्यात डोकावणं गुन्हा आहे.

खोकं पक्ष्यांच्या खोक्यासारखंच, फक्त उलटं टांगलेलं. भोक खोडाच्या बाजूला. डॉरमाउस फांदीवरून येतो, जमिनीवर उतरायचं शक्य तितकं टाळतो, म्हणून खोडाकडून आत शिरतो. तपासायची पद्धत : पहिल्यांदा भोकात फडक्याचा बोळा. मग झाकण बोटभर सरकवून आत नजर. प्राणी असला तर खोकं काढून मोठ्या पारदर्शक पिशवीत, तिथं उघडायचं.

पहिली पाच रिकामी. सहाव्यात निळ्या टिटची पिल्लं, लगेच बंद. सातव्यात वाळक्या पानांचा नुसता ढीग, म्हणजे रानउंदीर. डॉरमाउसचं घरटं असं गबाळं नसतं. हनिसकलच्या वेलाची साल सोलून तिचे तंतू गोल विणतो, बाहेरून हिरवी पानं. सुगरणीची कला, फक्त उंदराच्या हाताची.

आठव्याला मी चूक केली. वायर सैल करायच्या नादात बोळा राहिला. बाईंनी झाकण सरकवायच्या आत एक सोनेरी काहीतरी भोकातून निघालं, खोडावर चढलं आणि हेझलच्या फांदीवर जाऊन थांबलं. झुबकेदार शेपूट, मोठे काळे डोळे, मिशा सतत थरथरणाऱ्या. अर्धा मिनिट आमच्याकडे बघून वर निघून गेला. मी मेल्याहून मेल्यासारखी. बाई एवढंच म्हणाल्या, “आधी बोळा. मग बाकीचं जग.”

बाराव्यात दुसरा, हा गार पडून झोपलेला. शेपूट नाकावर, चेंडू. हातात घेतल्यावरही उठला नाही, बारीक शिट्टीसारखा घोरत होता. नर, १७ ग्रॅम. दहा रुपयांची दोन नाणी तळव्यावर ठेवली तर याहून थोडी हलकीच भरतील. गेल्या वर्षी आलेल्या अहवालाप्रमाणे ब्रिटनमधले डॉरमाउस २००० सालापासून सत्तर टक्क्यांनी कमी झाले.

आता खरी अडचण. ही बारा नंबरची जागा कूप ७ मध्ये येते, म्हणजे येत्या हिवाळ्यात जे तोडायचं ठरलंय त्यात. फुलपाखराला ते हवंय, कारण कूप ४ ला लागून तेवढंच आहे. डॉरमाउसला नकोय, कारण त्याला एकमेकांत गुंतलेल्या फांद्या हव्यात. बाईंनी नकाशावर पेन्सिलीनं टिंब केलं आणि काही बोलल्या नाहीत.

२ जून

फुलपाखरांचा ठरलेला मार्ग चालले. शून्य हीथ फ्रिटिलरी. दोन स्पेकल्ड वुड. थंडी.

नियम (नव्या मंडळींसाठी) : एप्रिल ते सप्टेंबर, आठवड्यातून एकदा, पावणेअकरा ते पावणेचारच्या दरम्यान. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, त्या काल्पनिक पेटीत आलेलंच मोजायचं. तेरा अंशांच्या खाली चालायचंच नाही. तेरा ते सतरा असेल तर ऊन हवं. ही पद्धत १९७६ पासून देशभर चालू आहे, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा आकडा आजच्याशेजारी ठेवता येतो. पेटीबाहेर मोर नाचला तरी लिहायचा नाही.

१५ जून

पाऊस. चालले नाही. आठवडा वाया.

२३ जून

दिसलं. कूप ४, भाग ३, बारा वाजून दहा मिनिटं. एकच.

२५ जून

आज मंगळवार, पण हवामानात तीस अंशांच्या जवळ दाखवल्यावर सुट्टी टाकली. ऑफिसात कारण विचारलं. खरं सांगितलं. कुणाला पटलं नाही.

कूप ४ मध्ये उभी राहिले. चेस्टनट छातीइतकं, मधल्या मोकळ्या जागांत काऊ-व्हीट गुडघ्यापर्यंत पिवळं, आणि त्याच्यावरून, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, ती. उडणं असं की चार-पाचदा फडफड, मग पंख आडवे धरून तरंगणं, परत फडफड. घाई नाही. रस्त्यावर आलेलं एक माझ्या बुटाला वळसा घालून गेलं. पेटीच्या हिशेबात शेवटी एकतीस. सुतारकाका म्हणतात त्यांनी इथं याहून कितीतरी पट पाहिलीत, चांगल्या वर्षी मोजताना हात दुखायचा. मला एकतीसच पुष्कळ.

एक काऊ-व्हीटवर पंख मिटून बसलं, अगदी तोंडासमोर. वरून ते तांबूस तपकिरी, त्यावर गडद जाळी, विटलेल्या इरकलीसारखं. पण खालची बाजू! दुधी आणि केशरी पट्टे, प्रत्येक पट्टा काळ्या बारीक रेघेनं आखलेला, जुन्या वाड्याच्या रंगीत तावदानासारखा. ऊन पलीकडून येत होतं. मागच्या पंखाची कड थोडी फाटलेली, पक्ष्यानं टिपायचा प्रयत्न केला असणार. सोंड उलगडून फुलात घातली, परत गुंडाळली. कॅमेरा पिशवीत होता, काढला नाही, हललं असतं.

आपलं नीलवंत तळहाताएवढं असतं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू केलं, कुठल्याही राज्यानं असं करण्याची देशातली ती पहिलीच वेळ. ते परड्यात दिसलं की लहान पोरंही बोट दाखवतात. हे त्याच्यापुढं बोटाच्या पेरांएवढं. याच्यासाठी लोक लंडनहून आगगाडीनं येतात. आज तिघे भेटले, सगळे पोटावर आडवे.

फेब्रुवारीत जे बघवत नव्हतं, त्याचं दोन वर्षांनी हे होतं. सुतारकाकांना फोन केला. “बोलू आता?” म्हणाले.

३० जून

काल संध्याकाळी वर्ल्ड कप जिंकला, घसा बसलाय. ढगाळ, फुलपाखरं थोडी. म्हणून रोपाकडे नीट बघितलं.

काऊ-व्हीट अर्धपरजीवी आहे. पानं हिरवी, स्वतःचं अन्न करतं, पण मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटवून पाणी आणि क्षार ओढतं. हे वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं. आमच्या ज्वारीत टारफुला यायचा ना, तो याचाच भाऊबंद, एकाच कुळातला. तो दिसला की आजी शिव्या देत उपटायची, पीक करपवतो म्हणून. इथं त्याच्या चुलतभावाची रोपं मी वर्गमीटरची चौकट टाकून मोजते आणि जास्त निघाली की खूश होते. आजीला सांगायची सोय नाही.

बी गव्हाच्या दाण्याएवढं, त्याला एका टोकाला पांढरट मऊ खाऊ. मुंग्या त्या खाऊसाठी बी वारुळाकडे ओढून नेतात, खाऊ खातात, बी टाकून देतात. रोप वर्षायू, बी जड, आणि पसरणं मुंगीच्या पायांनी. म्हणजे नवं कूप दूर काढलं तर फुलपाखराआधी रोपच पोचणार नाही. कूप ७ लागूनच हवं, यामागं हेही कारण.

१४ जुलै

हंगामाचं शेवटचं. तीन, रंग उडालेली, पंखांच्या चिंध्या. माद्या पानांखाली झुबक्यानं अंडी घालून मोकळ्या झाल्या असतील. आज रात्री इंग्लंडची फुटबॉलची फायनल, रानात चिटपाखरू नव्हतं. (हरले.)

१७ ऑगस्ट

आपल्या भागातलं काम नाही. वेस्ट ब्लीन आणि थॉर्नडेनकडे गवे बघायला गेलो.

गवे म्हणते, पण हे आपले नव्हेत. आपला गवा म्हणजे गौर, त्याला साहेबानं उगाच ‘इंडियन बायसन’ म्हणून ठेवलं आणि दाजीपूरच्या पाट्यांवर ते अजून चालतं. इथले खरे बायसन, युरोपातले. १८ जुलै २०२२ ला केंट वाइल्डलाइफ ट्रस्ट आणि वाइल्डवुड ट्रस्ट यांनी तीन माद्या सोडल्या, एक स्कॉटलंडहून, दोन आयर्लंडहून. त्यातली एक गाभण होती हे कुणालाच कळलं नव्हतं. सप्टेंबरमध्ये वासरू बघितलं तेव्हा सगळे चाट. बायसन गाभणपण लपवतो, लांडग्यांच्या काळातली सवय. नंतर त्याच वर्षअखेरीला जर्मनीहून नर आणला. जगातला शेवटचा रानातला युरोपीय बायसन १९२७ मध्ये कॉकेशसमध्ये मारला गेला. आज आहेत ते सगळे प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांपैकी बारा जनावरांची पिल्लावळ.

कल्पना अशी की करवत आम्ही चालवायची त्याऐवजी काही भाग यांनी करावा. झाडांच्या साली सोलतात, खोडाला अंग घासून ती पाडतात, मातीत लोळून उघडे खळगे करतात, दाटीतून वाटा काढतात. उभं वाळलेलं लाकूड किड्यांना, उघडी जागा उन्हाला.

दोन तास कुंपणाकडेनं चाललो, एकही दिसला नाही. दिसलं ते काम. चेस्टनटच्या सोटांवरची साल माणसाच्या छातीइतक्या उंचीवर लांब पट्ट्यांत ओढून काढलेली, आतलं लाकूड वाळून राखाडी. सुतारकाका जाळीतून बराच वेळ बघत राहिले. “काप उतरता नाही,” म्हणाले, “पण पगार मागत नाहीत.”

कायद्यानं बायसन हे धोकादायक जनावर, म्हणून लोकांची पायवाट आणि त्यांचा वावर एकत्र चालत नाही. वाटेनं जंगलाचे तुकडे पडतात, त्यावर उपाय म्हणून पूल बांधायचे, वरून माणसं, खालून बायसन असा हिशेब. दाजीपूरला संध्याकाळी सड्यावर गव्यांचा कळप रस्ता ओलांडतो तेव्हा एसटी थांबते आणि ड्रायव्हर इंजिन बंद करतो. कुठलं बरं, ते मी ठरवणार नाही. उसात गवा शिरल्यावर काय होतं तेही मामांकडून ऐकलंय.

२२ सप्टेंबर

मोजणीचा शेवटून दुसरा आठवडा. पाऊस थांबल्यावर धावत एक फेरी, दोन रेड अॅडमिरल.

बुधवारी बटरफ्लाय कन्झर्व्हेशन या संस्थेनं देशात फुलपाखरांची आणीबाणी जाहीर केली. उन्हाळ्यात लोक पंधरा मिनिटं बसून मोजतात त्या बिग बटरफ्लाय काउंटमध्ये यंदा एका मोजणीमागे सरासरी सातच निघाली, गेल्या वर्षी बारा होती. ओला वसंत आणि गार जून, असं त्यातलं एक कारण सांगतात. मग आमच्याकडच्या एकतीसचं काय समजायचं? टीम लीडर म्हणाला, एका वर्षाच्या आकड्यावर बोलू नका, दहा वर्षांचा लावा मग बोला. त्याचं बरोबर आहे, पण त्याच्या चेहऱ्यावर एकाच वर्षाचा आकडा होता.

१३ ऑक्टोबर

खोकी. बोळा आधी, दरवेळी. सोळापैकी चारमध्ये डॉरमाउस, त्यातल्या एका खोक्यात मादी आणि तीन पिल्लं, उशिराची वीण. मोठी मादी २८ ग्रॅम, हातात घेतली तर लोण्याचा गोळा. पिल्लं अकरा-बारा ग्रॅमची. झोपायच्या आधी पंधराच्या वर गेली पाहिजेत, नाहीतर हिवाळा निघत नाही. हेझलला यंदा काय फळ आहे ते बघत परतलो. हेझलचं कुरतडलेलं एक फळ सापडलं : भोक गोल, आतली कड घासल्यासारखी गुळगुळीत, बाहेर दातांचे तिरके ओरखडे. म्हणजे डॉरमाउस. खारीनं खाल्लं असतं तर सरळ दोन फाका.

मादी आणि पिल्लं होती ते खोकं नंबर बारा.

१० नोव्हेंबर

बैठक, गाडीतळावर, उभ्या उभ्या. कूप ७ तोडायचं की नाही. टीम लीडरचं म्हणणं, कूप ४ ला फार तर दोन उन्हाळे उरलेत, धुमारे खांद्यापर्यंत आले. यंदा शेजारी उघडलं नाही तर फुलपाखराला जायला जागा नाही. परवानावाल्या बाईंचं म्हणणं, डॉरमाउस आता खोकी सोडून जमिनीवर पालापाचोळ्यात झोपायला उतरलेत, तुमच्या बुटाखाली येतील. दोघेही खरं बोलत होते, म्हणून बैठक लांबली.

ठरलं असं : एक मोठं कूप न काढता दोन छोटी, दोन हिवाळ्यांत. मधे हेझलची पट्टी न तोडता ठेवायची, आणि रस्त्याच्या वर दोन ठिकाणी फांद्या एकमेकांना भिडलेल्या राखायच्या, डॉरमाउसचा पूल. हेझलखाली पाय ठेवायचा नाही. चेस्टनटखाली चालेल, तोही पालापाचोळा न तुडवता, आखलेल्या वाटेनंच.

आईला फोटो पाठवला, कूप ४ चा, जूनमधला. तिचं उत्तर आलं, “फुलं चांगली हाईत. झाडं परत आली का?” आली, म्हटलं. खांद्यापर्यंत.

१७ नोव्हेंबर

फित बांधायचा दिवस. टीम लीडर पुढं, मी आणि सुतारकाका मागं. लाल फित म्हणजे हद्द, निळी म्हणजे राखायचं झाड. सरळ रेषेत चाललो होतो, सोपं काम.

कूप ७ च्या पूर्व कडेला, हद्दीच्या आत चार पावलांवर, चेस्टनटच्या खुंटाला लागून हेझलचा एक बारका जुडगा, त्यावर हनिसकल चढलेला. वेलाची साल ठिकठिकाणी लोंबत होती, ताजी नाही, पण ओरबाडलेली. डोळे वर नेले तर छातीइतक्या उंचीवर दुबेळक्यात सालीचा गोल विणलेला चेंडू, लिंबाएवढ्यापेक्षा मोठा, बाहेरची पानं तपकिरी पडलेली. उन्हाळ्यातलं घरटं, आता रिकामंच असणार. पण असणार म्हणून हात लावायचा नाही.

बाईंना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. थांबा, तिथून बाहेर या, आल्या वाटेनंच या.

सुतारकाकांनी आधी बांधलेली लाल फित सोडली आणि जुडग्याला लांबून वळसा घालून परत बांधली. वीसएक पावलांचा फुगवटा आला. टीम लीडरनं नकाशा काढून सरळ रेघेकडे बघितलं, मग फितीकडे.

रेघ मी रविवारी नव्यानं काढते. खोडरबर न्यायचं.